तंजावरचे जलसूत्र आणि कुंडीतील वात

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी घेतली, तेव्हा शहराच्या पाण्याची सोय नायकांनी आधीच मांडून ठेवली होती. पावसाचे पाणी प्रथम सेवप्पा नायकाच्या तलावात निवळे. तेथून ते भूमिगत मार्गाने बृहदीश्वराशेजारच्या शिवगंगा तलावात येई आणि पुढे भाजक्या मातीच्या नळांतून राजवाड्याच्या व पेठांच्या विहिरींत उतरे. हेच जलसूत्र. साठवण, वाहिनी आणि पातळी हे त्याचे तिन्ही घटक आजच्या स्वयंसिंचित कुंडीतही आहेत. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की जलसूत्रातले पाणी उतारावरून खाली येई. कुंडीत ते तळाच्या साठ्यातून वर चढावे लागते.

वैशाखात तुळशीवर टांगली जाणारी गळतीसुद्धा गुरुत्वाकर्षणावरच चालते. मातीच्या ओढीने पाणी देण्याची युक्ती वेगळी आणि तीही जुनीच. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील फान शंगजर यांच्या चिनी कृषिग्रंथात जमिनीत पुरलेल्या मडक्याभोवती वेल लावण्याची रीत सांगितली आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात याच मडक्यांवर पद्धतशीर प्रयोग झाले.

या ओढीचे गणित जेम्स ज्युरिन यांनी १७१८ मध्ये मांडले: नळी जितकी अरुंद, तितके पाणी उंच. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत ते सुमारे १५ सेंटिमीटर चढते. मग कावेरीची बारीक पोयटामाती कुंडीत भरावी, असे वाटेल. पण तिच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी हळू चढते, हवा उरत नाही आणि टोमॅटोची मुळे गुदमरतात. म्हणून काथ्याचा भुसा व भरड वाळू मिसळून हलके केलेले मिश्रण, साठ्यात बुडालेल्या एकाऐवजी दोन-तीन जाड वाती, आणि माती व पाणी यांच्यामध्ये हवेची पोकळी राखणारे सांडव्याचे छिद्र, या सुधारणा टाकी मोठी करण्यापेक्षा अधिक उपयोगाच्या. वर चढलेले पाणी उडून जाताना क्षार मागे ठेवते. ते धुण्यासाठी अधूनमधून वरूनही पाणी द्यावे लागते.

मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडण्याची प्रथेची तारीख १२ जून. त्याआधीच्या कोरड्या महिन्यांत गच्चीवरच्या टोमॅटोला पाणी कमीजास्त मिळाले, की फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि फळाचे बूड काळे पडते. अशा वेळी वात ओली राहणे हेच पिकाचे भवितव्य ठरवते.