सिस्टरच्या पिशवीतलं रजिस्टर

‘उपकेंद्रातल्या सिस्टरला टॅबलेट नको असतो’, असं आरोग्य खात्यात सहज बोललं जातं. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्टीत त्याला रेंज नसल्याचीही जोड मिळते. मला हे पटत नाही. नर्स आणि नोंद यांचं वैर कधीच नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० मध्येच लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सगळ्या रुग्णालयांसाठी एकसारखे तक्ते मांडले होते.

आपल्याकडेही हिवताप मोहिमेत नोंद घराच्या भिंतीवरच असे. रंगाने चौकट छापायची आणि प्रत्येक फेरीला तारीख घालून सही करायची. घरचा माणूस, पुढच्या फेरीचा कर्मचारी आणि तपासणीला आलेले साहेब, तिघांनी तीच चौकट बघायची.

मग आली पात्र जोडप्यांची नोंदवही. कुटुंबनियोजनाचं उद्दिष्ट १९९६ पर्यंत वरून ठरून येई आणि वही त्याच्या मागे धावे. वाचणारा आता वरच बसलेला. जे लिहिल्याने बोलणी बसतात ते लिहायला कोण धजावणार? २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवून दिलं, की महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा मोठा भाग सरकारी कागदावर येतच नव्हता.

हा अहवाल काढणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेनेच त्याआधी गडचिरोलीत नोंदीची वेगळी चाल पाडली होती. ‘सर्च’चे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून इथे काम करत होते. न्यूमोनिया ओळखायला त्यांनी मण्यांचं साधं यंत्र केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, मिनिट संपायच्या आत लाल मणी आला तर बाळाला उपचार हवा. पुढे १९९५ पासून ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या आरोग्यदूत बाया घरोघर जाऊन नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास, दूध ओढणं फॉर्मवर टिपू लागल्या. तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. त्या बायांना फॉर्मचं ओझं का झालं नसावं? माझ्या मते, भरलेल्या फॉर्मवरून पुढे काय करायचं ते तिथल्या तिथे कळत होतं.

संगणक आला तो मात्र वहीच्या वाटेने. २००९ पासून माता-बालकांची नावनिशीवार ऑनलाइन नोंद सुरू झाली, पुढे आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) पोर्टल आलं, २०१६ मध्ये ‘अनमोल’ अ‍ॅप. रेंज नसतानाही त्यात माहिती भरता येते. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागड तुटलं तर ती नंतर वर चढते. म्हणजे रेंजची अडचण अर्धीच. खरा वैताग असा, की स्क्रीनवर भरलेलं पुन्हा रजिस्टरात लिहायचं आणि महिनाअखेरीस त्याचाच अहवाल करायचा.

यंत्राचा फायदा सिस्टरलाही कळतो. बाळंतपणाला माहेरी गेलेली किंवा मिरची तोडायला तेलंगणात गेलेली गरोदर बाई तिच्या वहीतून निसटते. आरसीएचच्या बारा आकडी क्रमांकावर ती दुसऱ्या उपकेंद्रात सापडली, तर कोणती सिस्टर टॅबलेट नाकारेल?

म्हणून खात्याला सांगणं एवढंच: नवं अ‍ॅप देताना कोणतं रजिस्टर बंद, तेही त्याच आदेशात लिहा.