बेळगावची फियाट, तिचे पाटे आणि पेन्शनमधलं बजेट

आपल्याकडे जुने वाडे, शाळा, नाटकमंडळ्या यांच्यावर पुष्कळ लिहून झालं. आज गाडीवर लिहितो, आणि तेही गाडीच्या खालच्या अंगावर.

आमच्याकडे सासऱ्यांची १९६८ सालची फियाट आहे. त्यांनी घेतली तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात होतं, 'कर्नाटक' हे नाव १९७३ मध्ये आलं. गाडी ठेवायची की भंगारात द्यायची, हा वाद घरात दोन वर्षं चालला. इंजिनाचं काही नव्हतं, ते सुरू होत होतं. वाद होता सस्पेन्शनच्या खर्चाचा. तो समजायला थोडा मागचा इतिहास सांगावा लागेल.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जुळवल्या, मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट. फियाट ११०० चं जे रूप आपल्याला माहीत आहे ते इटलीत १९५३ साली बाजारात आलं. आपल्याकडे १९६४ ला डिलाइट, पुढे प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. इटलीत ११०० साठच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली, आपल्याकडे तीस वर्षं आणखी चालली. नावं बदलली, खालची रचना मात्र जवळपास तीच राहिली. आज जुनी फियाट दुरुस्त करता येते ती यामुळेच.

त्या काळी परवान्यांचं राज्य होतं. अँबॅसेडर, फियाट, स्टँडर्ड एवढीच निवड, आणि फियाटसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं. एवढं थांबून मिळालेली वस्तू कोण टाकून देणार? दागिना मोडून पुन्हा घडवतात तशी लोकांनी गाडी पुन्हा पुन्हा दुरुस्त केली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि चित्र पालटलं. पुढे बँकेत मी कर्जाच्या टेबलावर बसलो, तर जो तो मारुतीसाठीच यायचा. फियाटसाठी कोणी अर्ज केल्याचं मला आठवत नाही.

आता खालची रचना. पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग, आणि चाक वळतं ते किंगपिनवर. मागे सरळ ॲक्सल आणि तो पेलायला पाटे. स्प्रिंग आणि पाटे वजन झेलतात. शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजातला 'शॉकप', वजन झेलत नाही, तो फक्त हेलकावा थांबवतो. हा फरक न कळल्यामुळे लोकांचे पैसे वाया जातात. गाडी मागून बसली की नवे शॉकप घालतात, आणि गाडी बसलेलीच राहते.

या कामात बेळगावचं एक वेगळेपण होतं. पुणे-बेंगळुरू हमरस्ता इथूनच जातो, त्यामुळे ट्रकचे पाटे बांधणारे कारागीर गावात होतेच. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि लेथ. कंपनीचा सुटा भाग मुंबईहून यायला वेळ लागे, तोवर टर्नर किंगपिनचे गनमेटलचे बुश कातून देत. पाटेवाला ढिले पडलेले पाटे सोडवून पुन्हा कमान चढवून देई. लग्नसराईत सहा-सात माणसं आणि वर सामान घेऊन घाटातून गोव्याला जायचं म्हणून कित्येकांनी मागे एक जादा पाटा घालून घेतला. त्याने गाडी उचलली जाई, पण रिकामी असताना मागून आपटे. तो दणका शेवटी पत्र्याला बसे. या फियाटला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. पाट्याचा हँगर जिथे बसतो तिथला पत्रा आपल्या पावसात गंजला की गाडीचा पाठकणाच गेला म्हणायचा.

आमच्या घरातले तीन पक्ष सांगतो. मुलगा पुण्याला इंजिनिअर. त्याचं म्हणणं, एखाद्या नव्या गाडीचं पुढचं अख्खं सस्पेन्शन घालू, रस्ता धरून चालेल. मेहुणे म्हणाले, विकून टाका, पेन्शनचे पैसे लोखंडात घालू नका. हिचं म्हणणं एकच, अप्पांची गाडी आहे, मला तिच्यातून देवळाला जायचंय.

मिस्त्रींनी गाडी वर उचलली, हँगरच्या जागी पेचकस टोचून पाहिला आणि म्हणाले, "ओ साहेब, आधी पत्रा बघा. पत्र्यात दम नसंल तर शॉकप सोन्याचा घाला, काय उपयोग?"

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून वहीत दोन रकाने केले. झिजलेलं बदलणं हा देखभालीचा खर्च, आणि मुळात नव्हतं ते घालणं हा भांडवली खर्च. पहिला रकाना पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. क्रम असा लागला: आधी हँगरचा पत्रा. मग किंगपिन आणि आर्मचे बुश, कारण ते झिजले की स्टिअरिंग भटकतं. मग पाटे सोडवून, साफ करून, जादा घातलेला पाटा काढून कमान चढवणं, आणि यू-बोल्ट नवे. मग शॉकप, पुढची जोडी एकदम, मागची एकदम. शेवटी टायर आणि अलाइनमेंट.

दुसऱ्या रकान्यात दोनच नोंदी राहिल्या. एक, मूळच्या टायरऐवजी रेडियल. दोन, रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश. ते टिकतात जास्त, पण रस्त्याची थरथर आत आणतात. रेडियल घेतले, बुश रबराचेच ठेवले.

मुलाच्या सूचनेला सरकारी नियमाने उत्तर दिलं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज ठरते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,०००. दुसऱ्या गाडीचं सस्पेन्शन बसवायला पुढचा भाग कापावा लागला असता. ज्या गाडीत बॉडी हाच सांगाडा, तिथे तो फेरफार लहान कसा म्हणणार?

पण नियमाची दुसरी बाजूही वाचली. व्हिंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांनाच रस्त्यावर काढता येते. रोजचं देऊळ त्यात बसत नाही. म्हणून साधी नोंदणीच पुढे चालवली आणि गाडी मूळ रूपात ठेवली, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या.

घाई करण्याचं कारण मुंबईत होतं. तिथल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी पद्मिनीच होत्या. त्या हजारोंनी धावत होत्या तोवर सुटे भाग बनत होते आणि कुर्ल्याच्या बाजारात जुनेही मिळत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या मर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ज्यांच्या घरी अशी गाडी झाकून ठेवलेली आहे त्यांनी किंगपिन आणि बुशचा एक जादा संच आत्ताच घेऊन ठेवावा.

सुटा भाग पैसे टाकून कुठूनतरी मिळेल, पण हात मिळणार नाही. आमचे पाटे ज्यांनी बांधले ते माझ्याहून वयाने मोठे, आणि त्यांची मुलं या धंद्यात नाहीत. भट्टीत लालीचा रंग बघून पाटा कधी बाहेर काढायचा हे कुठल्या पुस्तकात मी तरी पाहिलेलं नाही. आपल्यापैकी कोणाचे वडील, काका उद्यमबागेत टर्नर, मोल्डर, फिटर असतील तर त्यांच्याकडून हे ऐकून घ्या आणि इथं लिहा. घराण्यांच्या वंशावळी आपण जपल्या, या कारागिरांच्या हातच्या कामाचीही कुठंतरी नोंद हवी.

गाडी आता दर मंगळवारी निघते. वेग चाळीस. मागच्या सीटवर ही, आणि पुढे मी.