वाघाने झडप घातली, पण गुण किती?

खेळाची बातमी रंगवून लिहावी की सरळ? हा वाद क्रीडाप्रेमींमध्ये फार जुना आहे. एका गटाला वाटतं, उपमा नसतील तर बातमी म्हणजे नुसता धावफलक. दुसरा गट म्हणतो, आम्हाला सामना सांगा, तुमची प्रतिभा नको. वरवर ही आवडीनिवडीची गोष्ट वाटते. पण तुम्ही उद्या संशोधन करणार असाल आणि जुनी वर्तमानपत्रं साधन म्हणून वापरणार असाल, तर तुमचं सगळं काम या वादावर अडू शकतं. म्हणून आज त्याचा थोडा इतिहास बघू.

या वादाचं सर्वात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळातलं आहे. तिथे कॉलेजचं फुटबॉल आणि बास्केटबॉल आपल्याकडच्या क्रिकेटसारखं डोक्यावर घेतात. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नोत्र दाम विद्यापीठाने आर्मीच्या संघाला १३-७ असं हरवलं. ग्रँटलंड राइस या पत्रकाराने नोत्र दामच्या चार खेळाडूंना बायबलमधल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि ते चौघे ऑक्टोबरच्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे केले. लोकांनी ते वर्णन अक्षरशः पाठ केलं. टीकाकारांनी मात्र गमतीने विचारलं, की खेळाडू आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसायला हा गृहस्थ मैदानात आडवा पडून सामना बघत होता का?

पुढची गोष्ट संशोधकाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. संघाच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या विद्यार्थ्याने त्या चौघांना खऱ्याखुऱ्या घोड्यांवर बसवून फोटो काढून घेतला. तो फोटो देशभर छापला गेला. म्हणजे आधी उपमा आली आणि पुरावा नंतर तयार झाला! आणि प्रत्यक्षात हे चौघे कसे होते? एकाचंही वजन १६२ पौंडांच्या, म्हणजे साधारण ७३ किलोच्या वर नव्हतं. त्यांचं बळ वेगात आणि एकमेकांशी असलेल्या तालमेळात होतं. उपमा वाचून डोळ्यांसमोर येतात राक्षस, आकडे दाखवतात चपळ, मध्यम बांध्याची पोरं.

इंग्लंडमध्ये नेव्हिल कार्डस यांनी हीच वाट आणखी पुढे नेली. ते मँचेस्टर गार्डियनमध्ये क्रिकेट आणि संगीत या दोन्हींवर लिहायचे. क्रिकेटलेखनाला त्यांनी साहित्याचा दर्जा दिला असं आजही म्हणतात. पण खेळाडूंच्या तोंडची काही वाक्यं त्यांनी स्वतःच रचली होती, हेही आता सर्वमान्य आहे. ते खेळाडू तसे बोलले नसतील, पण त्यांच्या स्वभावाला ते शोभून दिसलं असतं, असा त्यामागचा विचार. वाचक म्हणून आपण हे माफ करू. पण तेच वाक्य अवतरणचिन्हांत प्रबंधात आलं, तर ते खोटं साधन ठरतं.

आता आपल्याकडे येऊ. मराठी क्रीडालेखनाची भाषा निम्मी कुस्तीच्या आखाड्यातून आणि निम्मी रणांगणातून आली आहे. अस्मान दाखवलं, धूळ चारली, चीतपट केलं, धोबीपछाड दिली. संघ वाईट हरला की त्याचं 'पानिपत' होतं. १७६१ सालची जखम आपण अजून क्रीडापानावर वागवतो. रेडिओच्या काळात तर चित्र उभं करणं ही गरजच होती. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं समालोचन करायचे, तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हतं, ते शब्दांनीच दाखवावं लागे. अशा वेळी उपमेला नुसती सजावट म्हणता येत नाही.

१९६२ साली महाराष्ट्र टाइम्स सुरू झाला आणि तिथे वि. वि. करमरकर यांनी खेळाला वर्तमानपत्रात हक्काची जागा मिळवून दिली. क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो यांसारख्या देशी खेळांची दखलही त्यांनी गांभीर्याने घेतली. पुढच्या काळात द्वारकानाथ संझगिरी यांनी दुसऱ्या टोकाची शैली लोकप्रिय केली. व्यवसायाने ते मुंबई महापालिकेत अभियंता, पण लेखात हिंदी सिनेमा, गाणी, नट-नट्या आणि उपमांची आतषबाजी. त्यांचा लेख आला की क्रिकेट न बघणारी माणसंही वाचायची. काहींना मात्र त्यात साखर जास्त वाटायची. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे, कारण दोघांची अपेक्षाच वेगळी आहे. एकाला सामना पुन्हा अनुभवायचाय, दुसऱ्याला तो समजून घ्यायचाय.

क्रिकेटमध्ये यामुळे फारसं बिघडत नाही. लेख कितीही फुलवला तरी धावफलक शाबूत असतो. खरी अडचण आहे कबड्डीत, आणि ती धरमतरसारख्या भागात नीट दिसते. धरमतर खाडीच्या एका बाजूला पेण तालुक्यातली वडखळ, डोलवी ही गावं, पुलापलीकडे अलिबाग तालुक्यातलं पोयनाड आणि दक्षिणेला रोहा. हा सगळा पट्टा कबड्डीचा. गावोगावच्या मंडळांचे संघ, रात्री प्रकाशझोतात रंगणारे सामने आणि ध्वनिक्षेपकावरून अखंड चाललेलं समालोचन. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. तिथे प्रत्येक चढाईची नोंद होते. गावच्या सामन्यांची गुणपत्रिका मात्र स्पर्धा संपली की सहसा कुणी जपत नाही. मागे उरतं ते स्थानिक वर्तमानपत्राचं कात्रण, निमंत्रणपत्रिका आणि खेळलेल्या माणसांच्या आठवणी.

समजा, अशा एका कात्रणात वाक्य आहे: 'वाघाने झडप घालावी तशी त्याने पकड केली आणि मैदान दणाणून गेलं.' वाचायला मजा येते. पण कबड्डीच्या इतिहासाचा विद्यार्थी यातून काय घेणार? पकड कोपरारक्षकाने केली की मध्यरक्षकाने? पूर्वार्धात की उत्तरार्धात? त्या पकडीमुळे लोण चढून दोन जादा गुण मिळाले का? तेव्हा गुणफलक काय होता? वाघ आहे, झडप आहे, सामना नाही. आणि दुसरं साधन नसेल, तर तो सामना आपल्यासाठी कायमचा गेला.

मग असं कात्रण टाकून द्यायचं का? नाही. तिथेच संशोधकाची नजर लागते. अलंकार हासुद्धा पुरावाच असतो, फक्त वेगळ्या प्रश्नाचा. पुरुष खेळाडू 'वाघ' आणि महिला खेळाडू 'रणरागिणी' का? कुणाच्या चढाईला कौशल्य म्हणतात आणि कुणाच्या नुसती ताकद? पाहुण्यांच्या नावांना किती ओळी आणि खेळाडूंच्या नावांना किती? या प्रश्नांची उत्तरं गुणपत्रिका देणार नाही, फुलवलेली बातमीच देईल. त्याबरोबर हेही विचारायचं, की लिहिणारा मैदानावर होता का, की आयोजकांच्या प्रसिद्धिपत्रकावरून बातमी झाली? अंतिम सामना मध्यरात्रीनंतर संपला असेल, तर छापायला जाण्याआधी त्याने किती पाहिलं असेल?

विज्ञान शाखेच्या मित्रांना वाटेल, हे इतिहासवाल्यांचं दुखणं आहे. तसं नाही. २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डच संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी पबमेडवरच्या शोधनिबंधांचे सारांश तपासले. 'अभिनव', 'अभूतपूर्व', 'आश्वासक' अशा अर्थाचे गौरवपर शब्द असलेले सारांश १९७४ ते १९८० या काळात सुमारे २ टक्के होते, २०१४ साली ते १७.५ टक्के झाले. विज्ञान तेवढ्या पटीने अभूतपूर्व झालं असेल का? आपल्या प्रयोगशाळेतही वाघ झडपा घालू लागलेत, एवढंच.

उपमा वापरूच नये असं माझं मत नाही. चांगल्या उपमेत निरीक्षण असतं. 'बगळ्यासारखा एका पायावर थांबून बोनस रेषा टिपली' यात खेळाडूचा तोल, पाय आणि जागा तिन्ही कळतात. 'झंझावाती खेळ केला' यातून काहीच कळत नाही. कसोटी सोपी आहे. वाक्यातलं विशेषण काढा आणि मागे काय उरतं ते पाहा. काहीच उरलं नाही, तर तिथे आधीही काही नव्हतं.

एक छोटा सराव सुचवते. तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या जुन्या स्पर्धेचं कात्रण मिळवा. वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे तपासता येतील अशा गोष्टी: तारीख, संघ, गुण, नावं. उजवीकडे सगळे अलंकार. डावा रकाना बहुधा अर्धा रिकामा राहील. तो भरायला त्या संघातून खेळलेल्या माणसांकडे जा आणि कात्रण त्यांना वाचून दाखवा. जुने खेळाडू आता वयस्कर झालेत, तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. उजवा रकानाही खोडू नका, तुमचा पुढचा संशोधनप्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.