‘धाराशिव’मधला श आणि ठळक अक्षराचा इतिहास

‘धाराशिव’ हा शब्द मोबाइलवर लिहा आणि त्यातल्या ‘श’कडे नीट बघा. एखाद्या फाँटात तो मराठी वळणाचा, देठाचा दिसेल. दुसऱ्यात हिंदी वळणाचा. तुम्ही दाबलेली कळ तीच, युनिकोडमधला क्रमांकही तोच. फरक पडतो तो फाँट काढणाऱ्याच्या हाताने.

आपल्या डोळ्यांत बसलेलं छापील मराठी वळण बरंचसं मुंबईत घडलं. जावजी दादाजी (१८३९–१८९२) लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. टॉमस ग्रॅहम तिथे देवनागरी खिळे घडवत होते. पुढे जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरांचे पोलादी ठसे कोरायला सोबत होते राणूजी रावजी आरू. निर्णयसागरचे खिळे इतर छापखानेही विकत घेत, त्यामुळे हे वळण दूरवर गेलं.

आता ठळक अक्षराकडे येऊ. जुन्या धाटणीच्या रोमन अक्षरांच्या टोकांना छोटे फुटवे असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. देवनागरीत सेरिफ नाहीत. आपल्या अक्षराचा जाड-बारीकपणा आला बोरूच्या तिरक्या टोकातून, आणि हा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूला असतो. म्हणून चांगलं ठळक अक्षर काढताना सगळ्या रेघा सारख्या फुगवून चालत नाही. जाड रेघ भरायची, बारीक रेघ सांभाळायची. तरच ‘ध’ची गाठ आणि ‘ब’चं पोट मोकळं राहतं.

धातूच्या काळात हे खर्चिक काम होतं. ठळक अक्षर हवं तर प्रत्येक अक्षराचा, जोडाक्षराचा ठसा पुन्हा कोरायचा, म्हणजे शेकडो खिळे नव्याने. साहजिकच ते शीर्षकं, जाहिराती अशा मोजक्या जागी वापरलं जाई. पोथ्यांना मात्र मोठं, भरदार अक्षर लागायचं, कारण त्या दिव्याच्या उजेडात मोठ्याने वाचल्या जायच्या.

यात धाराशिव कुठे? सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. नस्तालीक लिपी खिळ्यांत बसवणं अवघड, म्हणून उर्दू छपाई मुख्यतः शिळाछापावर व्हायची. माझ्या मते, त्यामुळे इथल्या माणसाला छापील मराठी अक्षराची ओळख सरकारी कागदापेक्षा पोथी आणि पंचांगातून जास्त झाली असणार. मुंबईचं वळण इथे असं घरातून आलं.

२०२३ मध्ये ‘उस्मानाबाद’चं अधिकृतपणे ‘धाराशिव’ झालं आणि पाट्या, शिक्के, फॉर्म यांवर हे नाव नव्याने लिहिलं जाऊ लागलं. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ठरवून दिला आहे. पण फाँट निवडताना हे बघतो कोण? त्यात भर म्हणजे फाँटात ठळक रूप नसेल, तर संगणक साध्या अक्षरालाच सगळीकडून फुगवतो. गाठी बुजतात, मात्रा शिरोरेषेला चिकटतात. याचा त्रास सगळ्यात आधी होतो तो नजर अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना, म्हणजे ज्यांच्यासाठी अक्षर ठळक करायचं त्यांनाच.

तुमच्या गावात नवी पाटी लागणार असेल, तर रंगवण्याआधी नमुना मागून घ्या. ‘ध’ची गाठ उघडी आहे का आणि ‘श’ आपल्या वळणाचा आहे का, एवढं बघा.