शिरूर–दौंड परिसरातील टेकड्या व प्रेक्षणस्थळे

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात भीमा, घोड, कुकडी व वेळ या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या ठेंगण्या डोंगरओळी, सपाट माथ्याचे माळ आणि नदीकाठची टेकाडे. भीमेच्या उत्तरेस शिरूर व दक्षिणेस दौंड हे तालुके येतात. मावळ, मुळशी किंवा जुन्नरमधील गडांच्या मानाने येथील उंची किरकोळ असल्याने डोंगरभटक्यांच्या लिखाणात हा भाग बहुधा वगळला जातो. ते बरोबर नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरून दऱ्या दिसतात, तर येथल्या टेकाडांवरून नदी, तिच्या काठची वस्ती आणि पाणी कुठपर्यंत पोचले आहे ते दिसते. प्रस्तुत नोंदीत स्थळांची निवड याच दृष्टीने केली असून तालुक्यांच्या शिवेपलीकडची, पण याच खोऱ्यांतली काही स्थळेही घेतली आहेत.

भूरचना : संपूर्ण परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा (बेसाल्टचा) आहे. लाव्ह्याच्या कठीण थरांनी माथे सपाट राखले, मऊ थर झिजून उतार तयार झाले. उतारांवर मुरूम, नदीकाठी खोल काळी जमीन. प्रदेश पर्जन्यछायेत असून वर्षाचा पाऊस सर्वसाधारणपणे ५०० मिलिमीटरच्या आसपास. माळांवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते. झाडांत बाभूळ, हिवर, बोर. वनीकरणात लावलेला गिरिपुष्प अनेक ठिकाणी दिसतो.

भुलेश्वर : सिंहगडाजवळून पूर्वेकडे निघालेली डोंगरओळ बापदेव घाट, दिवे घाट व मल्हारगड (बांधकाम १७५७–६०) यांवरून येत भुलेश्वरापाशी संपत येते, पुढे भीमा व नीरा यांमधला लाटालाटांचा माळ सुरू होतो. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या ओळीची नोंद आहे. डोंगर महसुली हिशेबाने पुरंदर तालुक्यातील माळशिरस गावात मोडतो. मात्र पुणे–सोलापूर महामार्गाने येणारा प्रवासी दौंड तालुक्यातील यवत येथून वर चढतो.

ही ओळ म्हणजे भीमा आणि कऱ्हा यांचा जलविभाजक. माथ्यावरून उत्तरेस लोहमार्ग, महामार्ग, खडकवासल्याच्या उजव्या कालव्यावरचा ऊस आणि हंगामात गुऱ्हाळांचा धूर दिसतो. दक्षिणेस कऱ्हेच्या बाजूचा जिरायत पट्टा, फेब्रुवारीनंतर तपकिरी. एकाच जागी उभे राहून मान वळवली की कालव्याचा लाभ मिळालेली आणि न मिळालेली जमीन अशी आमनेसामने पाहायला मिळते. अलीकडे उपसा सिंचन योजनांचे पाणी दक्षिणेकडे चढवले गेल्याने हा फरक काही गावांपुरता पुसट झाला आहे.

डोंगरावर दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत : दरवाजा, बुरूज, तुटक तटबंदी. पुणे उद्ध्वस्त केल्यावर आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने तो बांधला. बांधकामाच्या नेमक्या वर्षाबाबत मतभेद आहेत; १६३० च्या आगेमागे एवढे म्हणता येते.

किल्ल्यातील शिवमंदिर यादवकालीन (सुमारे तेरावे शतक) मानले जाते. दर्शनी भाग घुमट व मिनारांचा असून तो उत्तरकालीन आहे. जीर्णोद्धाराशी ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचे नाव जोडले जाते. आत शिरल्यावर समोर प्रवेशद्वार नसून भिंत लागते. तिच्या बाजूने अंधाऱ्या, अरुंद पायऱ्या चढाव्या लागतात आणि मगच नंदी व सभामंडप येतो. मंडपाबाहेरच्या ओवरीत जाळीतून तिरपा उजेड पडतो. सकाळच्या वेळी मूर्तींचे दागिने व वस्त्रांच्या चुण्या त्यात स्पष्ट दिसतात. बहुतेक मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. युद्धप्रसंग, मातृका व सुरसुंदरी यांबरोबर हत्तीमुखी स्त्रीमूर्ती येथे आहे. अभ्यासक तिला विनायकी म्हणतात, गावकरी स्त्रीरूपातला गणपती. पिंडीखालच्या पोकळीत ठेवलेल्या पेढ्यांपैकी काही नाहीसे होतात, अशी लोकश्रद्धा आहे. श्रावणात व महाशिवरात्रीस गर्दी होते. शिल्पे पाहायची असतील तर हे दिवस टाळावेत.

रोटी घाट : पाटसच्या दक्षिणेस, बारामती रस्त्यावरील छोटा घाट. संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत व वरवंड येथील मुक्कामांनंतर हा घाट ओलांडून उंडवडी गवळ्याची येथे जाते. यवतला वारकऱ्यांसाठी गावोगावहून भाकरी येते आणि कढयांमध्ये पिठले शिजते. ती पंगत वारीत प्रसिद्ध आहे. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. खालच्या वळणावरून पाहिले तर रथ चढणीला लागलेला, दिंड्यांच्या पताका माथ्यावर आणि शेवटची माणसे अजून पाटसच्या शिवारात, असे सारे एका नजरेत येते. पाटसपासून निघणाऱ्या पालखी महामार्गाच्या (क्रमांक ९६५ जी) चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. घाटाची जुनी रुंदी व वळणे ज्यांच्या आठवणीत आहेत त्यांना आजचा रस्ता वेगळा वाटेल.

कुरकुंभ : फिरंगाई देवीचे स्थान, पायथ्याशी औद्योगिक वसाहत.

सिद्धटेक : भीमेच्या उत्तर काठी, अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, दौंडहून जवळ. अष्टविनायकांपैकी उजव्या सोंडेचा सिद्धिविनायक येथे एका लहान टेकाडावर आहे. गाभाऱ्याचे बांधकाम अहिल्याबाई होळकरांचे. मूर्ती टेकाडाशी एकसंध मानली जात असल्याने प्रदक्षिणा देवळाला न घालता सबंध टेकाडाला घालावी लागते. ती वाट काटेरी झुडपांतून व भीमेच्या काठाने जाते. येथे भाविकाला पायवाट सोडता येत नाही, म्हणून नदीचे वळण बहुतेकांच्या नजरेस पडते. पूर्वी शिरापूरच्या बाजूने नावेने यावे लागे. आता पूल आहे.

कुकडीचे रांजणखळगे : शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी व पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात. ही टेकडी नव्हे; नदीने कातळात कोरलेली घळ आहे. पुराच्या पाण्यात भोवऱ्याबरोबर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळ आतून घासला जाऊन रांजणाच्या आकाराचे खोल खड्डे झाले. ‘आशियातील सर्वांत मोठे’ वगैरे विशेषणे स्थानिक फलकांवर व वृत्तपत्रांत आढळतात; ती पडताळून मगच वापरावीत. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची मंदिरे असून मधे झुलता पूल आहे. पात्रातला कातळ गुळगुळीत असतो, कडेला वाकू नये.

इनामगाव : शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या तीरावरील पाच टेकाडांचा समूह. उंची नगण्य; सामान्य प्रवाशाला ही शेतातली पांढर वाटेल. तरीही या परिसरात उभे राहून पाहण्याजोगी जागा एकच निवडायची झाली तर तो मान इनामगावला द्यावा लागेल. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन झाले; अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. वसाहतीचे तीन कालखंड ठरवण्यात आले : माळवा संस्कृती (सुमारे इ. स. पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (१०००–७००). १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले. सुरुवातीची घरे चौकोनी व प्रशस्त. शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. सातू हे महत्त्वाचे पीक. पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध व पाट होता, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे.

मुलांचे दफन घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत करीत. प्रौढांना पालथे न घालता उताणे पुरत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडत. मृताने परत येऊ नये ही त्यामागची भावना असावी, असा तर्क केला जातो. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला सांगाडा सापडला. हे घर गावप्रमुखाचे मानतात. एका घरात जमिनीखाली पुरलेली मातीची डबी निघाली. तीत एक स्त्रीमूर्ती होती, तर डबीवर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व बैल ठेवलेला होता. उत्तर जोर्वे काळातील उतरती कळा कमी झालेल्या पावसाशी जोडली जाते. टेकाडावरून आज दिसणारा घोडकाठचा ऊस पाहता हे पटायला जड जाते. पण ती हिरवळ धरण आणि कालव्यांची आहे.

प्राणिजीवन : माळरानावर लांडगा, खोकड, चिंकारा, तरस. दौंडच्या दक्षिण शिवेलगत, बारामती तालुक्यात सुपे येथे सुमारे ५ चौ. किमी.चे मयूरेश्वर अभयारण्य आहे (१९९७). तेथे चिंकारा हमखास दिसतो. भुलेश्वरच्या उतारांवर हिवाळ्यात भोवत्या या स्थलांतरित शिकारी पक्ष्याचे थवे उतरतात. सापमार गरुड, धाविक व माळटिटवीही आढळतात. शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली मोरांसाठी प्रसिद्ध आहे. ‘पडीक’ म्हणून नोंदलेले हे माळ प्रत्यक्षात गवताळ अधिवास आहेत. त्यांवर सरसकट झाडे लावणे त्या प्राण्यांना मारक ठरते.

इतर : शिरूर तालुक्याच्या पश्चिमेस कान्हूर मेसाई, केंदूर व पाबळ परिसरात टेकड्या आहेत. पाबळ येथे मस्तानीची कबर.

प्रवास : सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. माथ्यांवर सावली व पाणी मिळेलच असे नाही. मुरमासाठी कापलेल्या उतारांच्या कडा ढिल्या असतात, त्यांवर चढू नये. इनामगावच्या पांढरीवर पावसानंतर रंगीत खापरे उघडी पडतात. ती उचलू नयेत, जागच्या जागी राहू द्यावीत.