कॉक्लियर इम्प्लांट (प्रौढांमधील)

कॉक्लियर इम्प्लांट : अंतर्कर्णातील केशपेशी निकामी होऊन तीव्र बहिरेपणा आला असता, त्या पेशींना वगळून श्रवणतंतूंना थेट विद्युत् स्पंद पोचवणारे आणि शस्त्रक्रियेने बसवले जाणारे उपकरण. रुग्णालयांत त्याला नुसते ‘इम्प्लांट’ म्हणतात. ही नोंद बोलता-ऐकता येऊ लागल्यानंतर बहिरेपणा आलेल्या प्रौढांपुरती आहे. जन्मतः बहिऱ्या बालकांत भाषा मुळापासून घडवायची असते. प्रौढांत ती आधीच असते, फक्त तिच्याकडे जाणारी वाट बंद झालेली असते. निदान, अपेक्षा आणि फलश्रुती या सर्वच बाबतींत हा फरक निर्णायक ठरतो.

रचना व बिघाड : पडद्यावर आदळलेला ध्वनी हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांमार्फत अंतर्कर्णात पोचतो. तेथील कर्णशंख ही अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी उलगडली तर सुमारे ३५ मिमी. भरते. तिच्यात बाहेरच्या सुमारे १२,००० आणि आतल्या सुमारे ३,५०० केशपेशी असतात. ध्वनीचे विद्युत् संदेशात रूपांतर मुख्यतः आतल्या पेशी करतात, बाहेरच्या पेशी तो ध्वनी वाढवून आणि नेमका करून देतात. नळीच्या तळाशी तीव्र (उच्च) स्वर नोंदले जातात, शेंड्याकडे खर्जातले. स्वर आणि जागा यांच्या या नात्यावरच संपूर्ण उपकरण उभे आहे. द्रवात उठणाऱ्या लाटेचा माथा स्वरानुसार नळीत निरनिराळ्या जागी येतो हे दाखवून देणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

केशपेशी वय, गोंगाट, मेंदूज्वर, आनुवंशिक दोष आणि काही औषधे यांमुळे मरतात. औषधांपैकी जेंटामायसिन व स्ट्रेप्टोमायसिन ही आपल्याकडे विशेष परिचयाची आहेत. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने सर्रास दिली जात, त्या काळात तोल किंवा ऐकणे गमावलेले रुग्ण पुष्कळ होते. सस्तन प्राण्यांत मेलेली श्रवण-केशपेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत ती उगवते, हे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. केशपेशी गेल्या तरी श्रवणतंतू (माणसात सुमारे ३०,०००) बराच काळ तग धरतात. उपकरणाला उपयोग होतो तो या उरलेल्या तंतूंचा.

बिघाड वाढत गेला की श्रवणयंत्र पुरे पडत नाही. यंत्र आवाज मोठा करते, स्पष्ट करत नाही. “आवाज येतो हो, पण शब्द लागत नाहीत,” ही अशा रुग्णांची ठरलेली तक्रार, आणि ऑडिओलॉजिस्टच्या दृष्टीने ऑडिओग्राम या श्रवण-आलेखाइतकीच बोलकी.

इतर उपचार : प्रत्येक बहिरेपणावर रोपण हा उपाय नव्हे. रिकीब जखडल्याने (ओटोस्क्लेरोसिस) ऐकू येईनासे झाले, तर ती काढून कृत्रिम दांडी बसवतात. ही शस्त्रक्रिया प्रथम जॉन शे यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत मेम्फिस येथे केली. तीन दिवसांच्या आत अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइड देतात. ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावे लागते, पण सर्दीने कान बसला असेल म्हणून बहुतेकांचे तेवढे दिवस घरीच जातात. कूस बदलताच येणाऱ्या भोवळीवर एप्ली यांची डोके वळवण्याची पद्धत वापरतात.

मेनिएर विकार (भोवळ, कानात घणघण, कमी-जास्त होणारे श्रवण) पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये वर्णिला. त्यावरील अंतर्द्रव-पिशवीच्या शस्त्रक्रियेचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे अंतराळवीर ॲलन शेपर्ड. या विकारामुळे त्यांचे उड्डाण बंद झाले होते. लॉस अँजेलिस येथे विल्यम हाउस यांच्याकडे त्यांनी नाव बदलून शस्त्रक्रिया करवून घेतली आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ मधून ते चंद्रावर उतरले. डेन्मार्कमधील १९८१च्या चाचणीत मात्र ही शस्त्रक्रिया आणि तिचे नुसते सोंग यांच्या परिणामांत फारसा फरक दिसला नाही. पुढे त्याच आकडेवारीचे वेगळे अर्थही लावले गेले. मतभेद कायम आहे.

इतिहास : विजेने कानात संवेदना उठते हे प्रथम अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी स्वतःवरच पाहिले. दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून त्यांनी त्या आपल्या विद्युत् घटमालेला जोडल्या. डोक्यात धक्का बसला आणि काही दाट उकळत असल्यासारखा आवाज आला. लंडनच्या रॉयल सोसायटीला १८००मध्ये त्यांनी हे कळवले. प्रयोग पुन्हा करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

पॅरिसमध्ये २५ फेब्रुवारी १९५७ रोजी शार्ल एरिएस यांनी एका रुग्णाच्या कानात विद्युत् संदेशासाठी तारेचे वेटोळे बसवले. कानाच्या विकारावरील शस्त्रक्रियांनी या रुग्णाचे दोन्ही कान गेले होते आणि चेहराही लुळा पडला होता. मूळ शस्त्रक्रिया चेहऱ्याच्या मज्जातंतूसाठी होती. वेटोळ्याची कल्पना शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंद्रे जुर्नो यांची. रुग्णाला रातकिड्यांसारखी किरकिर ऐकू आली, बोलण्याची लय कळू लागली, सरावाने मोजके शब्दही ओळखता आले. उपकरण दोनदा तुटले. काम तिथेच थंडावले.

या प्रयोगाचे वृत्त एका रुग्णामार्फतच हाउस यांच्यापर्यंत पोचले. त्यांनी १९६१ मध्ये पहिले रोपण केले, पण शरीराने ते स्वीकारले नाही. अभियंता जॅक अर्बन यांच्यासह त्यांनी पुढे एकाच वाहिनीचे, अंगावर घालून हिंडता येईल असे उपकरण तयार केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८४ मध्ये त्याला प्रौढांसाठी परवानगी दिली. एका वाहिनीतून स्वराचा भेद कळत नाही. तरी दाराची घंटा, गाडीचा भोंगा आणि स्वतःचा आवाज किती चढला हे कळू लागले आणि ओठवाचन सोपे झाले, असे या रुग्णांची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या १९७७च्या बिल्जर अहवालात नोंदले आहे. स्टॅनफर्डचे ब्लेअर सिमन्स यांनी १९६४ मध्येच एका रुग्णाच्या श्रवणतंतूत सहा विद्युदग्रे घातली होती. व्हिएन्नात इंगेबोर्ग व एर्विन होखमायर यांनी बनवलेले अनेक वाहिन्यांचे उपकरण डिसेंबर १९७७ मध्ये बसवले गेले. पहिलेपणाचा मान कोणाचा, याची उत्तरे व्याख्येप्रमाणे बदलतात.

मेलबर्नच्या ग्रॅमी क्लार्क यांनी बारीकसारीक लिहून ठेवल्यामुळे तेथील हकीकत सर्वांत तपशीलवार मिळते. क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते आणि कानाने अधू होते. गिऱ्हाइकांचे बोलणे त्यांना नीट ऐकू येत नसे. क्लार्क यांच्या संशोधनाला पैसा मिळाला तो बऱ्याच अंशी दूरचित्रवाणीवरील निधिसंकलनातून. मुख्य अडचण यांत्रिक होती : विद्युदग्रांची तार कर्णशंखाच्या वळणात थोडीच शिरे आणि अडकून बसे. न्यू साउथ वेल्समधील मिनामुरा येथे १९७७ मध्ये समुद्रकिनारी सुट्टीवर असताना त्यांनी एका शंखात गवताची पाती घालून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचीक असलेले पाते वळण घेत आत गेले. तारही तशीच करायची, हे तिथे ठरले.

रॉड साँडर्स यांच्यावर १ ऑगस्ट १९७८ रोजी शस्त्रक्रिया झाली. मोटार अपघातात त्यांचे ऐकणे गेले होते. सुरुवातीच्या चाचणीत त्यांना काहीच ऐकू आले नाही. दोष निघाला तो बाहेरच्या चाचणीयंत्रात. दुरुस्तीनंतर राष्ट्रगीताची चाल वाजवली, तेव्हा साँडर्स ताडकन उभे राहिले आणि संगणकाला जोडलेल्या तारा ताणल्या गेल्या, असे सांगतात. पण चाल म्हणजे शब्द नव्हे. वर्षअखेरीस बोलण्यातल्या स्वरांचा दुसरा अनुनाद (फॉर्मंट) हेरून त्याप्रमाणे योग्य विद्युदग्र निवडणारी पद्धत वापरली आणि साँडर्स ओठ न पाहता काही शब्द ओळखू लागले. क्लार्क शेजारच्या खोलीत जाऊन रडले. दुसरे रुग्ण जॉर्ज वॉटसन दशकाहून अधिक काळ बहिरे होते. त्यांनाही शब्द लागले. बोलण्याची आठवण इतकी टिकते, हे त्यातून कळले आणि ते उपकरणाइतकेच मोलाचे होते. या पद्धतीच्या २२ विद्युदग्रांच्या उपकरणाला १९८५ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी परवानगी मिळाली.

पुढची मोठी उडी शस्त्रक्रियेची नव्हे, गणिताची. सर्व वाहिन्यांना एकाच वेळी वीज दिली की शेजारचे प्रवाह एकमेकांत मिसळतात. ब्लेक विल्सन यांनी स्पंद आळीपाळीने, पण अतिशय वेगाने देण्याची पद्धत १९९१ मध्ये मांडली. तेच रुग्ण, तीच रोपणे. तरी वाक्ये कळण्याचे प्रमाण एकदम वाढले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर व विल्सन यांना २०१३ मध्ये लास्कर पुरस्कार विभागून देण्यात आला. २०२२ च्या सुमारास जगातील रोपणांची संख्या १० लाखांवर गेली.

उपकरण : दोन भाग असतात. कानामागे अडकवायच्या प्रोसेसरमध्ये मायक्रोफोन आणि बॅटरी असते. त्याला जोडलेली चकती चुंबकाने डोक्याच्या कातडीवर चिकटून राहते आणि कातडीतून रेडिओलहरींनी संदेश व ऊर्जा आत पाठवते. आतल्या भागात बॅटरी नसते. निर्मात्यांनुसार त्यात १२ ते २२ वाहिन्या असतात. प्रोसेसर काढून ठेवला की रुग्ण पूर्ववत बहिरा. झोपताना आणि आंघोळीला तो काढतात, आणि ही शांतता आवडणारे रुग्णही आहेत.

निवड : ब्रिटनच्या २०१९च्या निकषांनुसार ठरावीक पाचपैकी किमान दोन स्वरांवर श्रवणपातळी ८० डेसिबल किंवा त्याहून वाईट हवी आणि श्रवणयंत्र लावूनही शब्द पुरेसे कळत नसावेत. नुसते वाढलेले वय आड येत नाही. मेंदूज्वरानंतर मात्र थांबून चालत नाही, कारण कर्णशंखाच्या आत हाड धरू लागते आणि काही महिन्यांत तार शिरायला जागा उरत नाही.

शस्त्रक्रिया : कानामागचे हाड कोरून, चेहऱ्याचा मज्जातंतू सांभाळत, कर्णशंखाच्या गोल गवाक्षातून तार आत सरकवतात. साधारण दोन-तीन तास लागतात. काही दिवस भोवळ किंवा जिभेच्या एका बाजूची चव बदलणे संभवते. मेंदूज्वराचा धोका थोडा वाढत असल्याने न्यूमोकोकसची लस आधी देतात.

स्विच-ऑन व मॅपिंग : जखम भरल्यावर, बहुधा तीन-चार आठवड्यांनी, उपकरण सुरू करतात. ध्वनिचित्रफितींत दिसणारे आनंदाश्रू खरे असले, तरी प्रौढांच्या बाबतीत पहिला दिवस अनेकदा हिरमोडाचा असतो. बायकोचा आवाज कार्टूनमधल्या उंदरासारखा, स्वतःचा यंत्रमानवासारखा, आणि सगळीकडून पीं-पीं. कारण सरळ आहे. तार शंखाच्या शेंड्यापर्यंत सहसा पोचत नाही, त्यामुळे खर्जाचे स्वर वरच्या स्वरांच्या जागी दिले जातात. मेंदूला ही नवी मांडणी अंगवळणी पडायला काही महिने लागतात.

मॅपिंग म्हणजे प्रत्येक विद्युदग्रासाठी दोन पातळ्या ठरवणे : किती विजेला आवाज जेमतेम जाणवतो आणि किती विजेला तो मोठा पण सोसवणारा वाटतो. समोर तक्ता असतो आणि रुग्ण ‘ऐकूच आला नाही’पासून ‘नको, फार मोठा’पर्यंतच्या खान्यांवर बोट ठेवत जातो. काम कंटाळवाणे आहे. एखाद्या विद्युदग्राने गाल फडफडला, तर तेवढे बंद करतात. वरची पातळी भीतीपोटी खालीच ठेवली तर सगळे बोलणे पुसट होते. वाढवून ठेवली तर कुकरच्या शिट्टीला रुग्ण प्रोसेसर काढून टेबलावर ठेवतो आणि मग तो तिथेच राहतो. पहिल्या वर्षात अशा अनेक भेटी लागतात. इम्प्लांट ‘यशस्वी झाले नाही’ असे सांगितले जाते तेव्हा निम्मी हकीकत या भेटी चुकवल्याची असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

घरचा सराव तितकाच महत्त्वाचा. घरच्याने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि रुग्णाने त्याच ओळींवर बोट फिरवायचे, ही सर्वांत स्वस्त पद्धत. नंतर ओठ झाकून शब्दजोड्या : वेळ-वेल, माळ-माल, पान-बाण, कात-खात. क आणि ख यांतला भेद श्वासाच्या अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या झोतात असतो, ल आणि ळ यांतला स्वरांच्या सूक्ष्म अनुनादांत. उपकरण पहिला बऱ्यापैकी पोचवते, दुसऱ्यात चुका जास्त होतात. फोनवर ओळखीच्या माणसापासून सुरुवात करतात.

निष्पत्ती : बोलणे शिकून झाल्यावर बहिरे झालेले बहुसंख्य प्रौढ शांत खोलीत, ओठ न पाहता, वाक्ये समजू लागतात. लग्नाच्या पंगतीत किंवा रिक्षात अडचण राहतेच. संगीताचा ठेका कळतो, सूर कळत नाही. तबला ओळखता येतो, राग बहुधा नाही. फलश्रुती सर्वांत जास्त अवलंबून असते ती बहिरेपणाच्या कालावधीवर. वीस-तीस वर्षे बहिरेपणात काढून आलेल्या रुग्णाला संथ प्रगतीची कल्पना आधी द्यावी लागते. जन्मतः बहिऱ्या आणि खुणांची भाषा बोलणाऱ्या प्रौढांना शब्द सहसा उलगडत नाहीत. अशांपैकी अनेकांना उपकरण नकोही असते.

मेंदूदंड-रोपण : श्रवणतंतूच नष्ट झाल्यास विद्युदग्रे कर्णशंखाऐवजी थेट मेंदूदंडावर बसवतात; ही पद्धत १९७९ पासून आहे.

महाराष्ट्रात : वांद्रे (मुंबई) येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवण-वाचा क्षेत्रात प्रशिक्षण व उपचार देते. मुंबईतील कान-नाक-घसातज्ज्ञ मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली; रोपणशस्त्रक्रियेत त्यांचे काम मोठे आहे. खर्च लाखांत जातो. अपंगांना साधने पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेची मदत मुख्यतः लहान मुलांसाठी असून कमावत्या वयात बहिरा झालेला माणूस बहुधा तिच्या बाहेर राहतो. शिवाय प्रोसेसर काही वर्षांनी बदलावा लागतो, केबल आणि चकत्या त्याहून लवकर. हा खर्च सल्ल्याच्या वेळी सांगितला जातोच असे नाही.

संशोधन : केशपेशी औषधाने पुन्हा उगवण्याचे प्रयत्न अद्याप फळाला आलेले नाहीत. त्यांपैकी बहुचर्चित एफएक्स-३२२ हे औषध २०२३च्या चाचणीत अपयशी ठरले. ओटोफर्लिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषावर जनुकोपचार करून शांघायमधील मुलांना ऐकू येऊ लागल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा दोष जन्मजात आणि विरळ असतो. त्यात केशपेशी शाबूत असतात, त्यामुळे वयाने किंवा गोंगाटाने पेशीच गमावलेल्या प्रौढांना त्या उपचाराचा उपयोग नाही.