हृदयावरचा वण : परळमधून जाणारा एक धागा

झटका येऊन गेलेले कुणी ना कुणी मीरा-भाईंदरच्या बहुतेक सोसायट्यांत सापडते. ‘झटक्यानंतर हृदयाला सूज येते, तर ती उतरवायचे औषध का देत नाहीत?’ हा प्रश्न मी शेजाऱ्यांकडून अनेकदा ऐकला. त्याचा माग काढताना मी परळच्या इतिहासापाशी पोचलो.

१८८२ साली इटलीतल्या मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी जमलेल्या दिसल्या. परके ते गिळणाऱ्या या भक्षक पेशी. या कामासाठी त्यांना १९०८चे नोबेल विभागून मिळाले. त्यांचे ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन १८९६मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईत आले. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

त्याच रस्त्यावर १९२६मध्ये केईएम रुग्णालय उभे राहिले. तेथील शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६५मध्ये एक धाडसी कल्पना मांडली. सापाच्या हृदयात रक्त पोकळीतून थेट स्नायूत झिरपते. मग माणसाच्या हृदयस्नायूत सुईने छिद्रे पाडली तर? पण अशी छिद्रे टिकत नाहीत, असे पुढे दिसून आले. शरीर ती जखम समजून बुजवते. मेचनिकॉफ यांच्या काट्याभोवती जमलेल्या पेशींचेच हे भाऊबंद.

झटक्यातही तेच घडते. रोहिणी बंद पडून स्नायू मरतो. काही तासांत न्यूट्रोफिल पेशी धावून येतात, मागोमाग रक्तातील मोनोसाइट. त्यांच्यापासून झालेल्या मॅक्रोफेज पेशी मेलेला स्नायू खाऊन जागा साफ करतात, मग तंतू विणणाऱ्या पेशींना कामाला लावतात. हृदयाचा स्नायू जवळजवळ पुन्हा उगवत नाही. म्हणून तिथे कोलॅजेनचा वण तयार होतो. बोस्टनच्या संशोधकांनी २००७मध्ये उंदरांत दाखवले की मोनोसाइटच्या दोन लाटा येतात : पहिली सफाईची, दुसरी डागडुजीची. पहिली लांबली तर आसपासचा धड स्नायूही बिघडतो आणि वण पसरतो. ती मुळातच दाबली तर वण कच्चा राहतो, भिंत पातळ होऊन फुगते, क्वचित फाटते.

सूज दाबण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९७६मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टेरॉइडच्या वारंवार मात्रा दिलेल्या रुग्णांत इजा उलट वाढलेली आढळली. २०१७मध्ये पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या दाहशामक औषधाने पुढचे झटके कमी झाले, पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले.

म्हणून शेजाऱ्यांना माझे उत्तर असे : ही सूज दुरुस्तीचाच भाग आहे. ती कधी आवरायची, हे शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत. तोवर आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.